आबांनी कापलेले फोन

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत चहा येतो. त्या बुधवारी चहा घेताना गणिताच्या मॅडमनी आपला मोबाईल माझ्यापुढे धरला.

"बघा हो, एवढं मोठं जहाज कसं पेटलंय."

मी सहज वाकून पाहिलं. पांढरंशुभ्र, एखाद्या सोसायटीच्या इमारतीएवढं उंच जहाज एका बाजूला कललेलं होतं आणि त्याच्या पोटातून काळा धूर निघत होता. धुरातही त्याचं निळं धुराडं दिसत होतं. धुराड्यावर पिवळा पट्टा होता. तो पट्टा मला ओळखता आला, कारण तो असलेला फोटो आमच्या आईने देवाच्या फळीवर टेकवून ठेवलेला आहे.

"क्षेपणास्त्र लागलं म्हणे," मॅडम म्हणाल्या. "पण बरं झालं, पॅसेंजर आधीच उतरवले होते. आत नुसते कामगार होते."

माझा धाकटा भाऊ त्या जहाजावर कामगार होता.

 चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि सहावीच्या वर्गावर जाऊन तास घेतला. त्या तासाला काय शिकवलं ते आज आठवत नाही. बोललं की खरं होईल, एवढी एकच भीती मनात होती. शिकलेल्या बाईने असा विचार करू नये, पण मी केला.

आमची वस्ती पालीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर आहे. घरं बारा-तेरा. आईवडील भात करतात, चार शेळ्या आहेत, शनिवार-रविवारी वरच्या गडावर फिरायला जाणाऱ्यांना आई ताक विकते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वेल्ह्याच्या शाळेत एका सरांनी मला सुट्टीत बसवून इंग्रजी शिकवलं, त्यांच्यामुळे मी भोरच्या कॉलेजात टिकले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच इंग्रजीत मी भावाचा जहाजावरच्या नोकरीचा फॉर्म भरला, हेही मला विसरता येत नव्हतं.

भाऊ हायवेवरच्या एका हॉटेलात चादरी धुवायच्या कामाला होता. तिथल्या ओळखीतून त्याला मुंबईच्या एजन्सीचा पत्ता मिळाला. तो फॉर्म घेऊन उत्रोलीला माझ्या सासरी आला आणि म्हणाला, "आक्का, तूच भर. माझं अक्षर बघून सायेब जहाज सोडून पळून जाईल." आम्ही दोघं हसत होतो. मी रात्री जेवणं झाल्यावर एकेक रकाना डिक्शनरी घेऊन भरला. एका रकान्यात विचारलं होतं, पाण्याखालच्या मजल्यावर राहायला हरकत आहे का. मी लिहिलं, हरकत नाही.

जहाज फार श्रीमंती थाटाचं होतं. भावाने व्हिडिओत दाखवलेला जिना मला अजून दिसतो. गालिचा घातलेला, पितळी कठड्याचा. वर झुंबर, खाली पियानो. पण त्या जिन्यावर कामगारांनी पाय ठेवायचा नाही. त्यांची लाँड्री सगळ्यात खाली, समुद्राच्या पातळीच्याही खाली होती. तिथे खिडकी नाही. आई विचारायची, "आरं, समुंदर कसा दिसतो?" तो म्हणायचा, "आई, मला काय म्हाईत? म्या समुंदराच्या पोटात चादरीच्या घड्या घालतोय. तू विहिरीत उतरल्यावर विहीर दिसती का?"

मग जहाज होतं त्या भागात लढाई सुरू झाली. कंपनीने पैसेवाले प्रवासी एका बंदरात उतरवून विमानाने घरी पाठवले आणि जहाज तिथेच उभं राहिलं. कामगार मात्र जहाजावरच ठेवले. भाऊ फोनवर चेष्टा करायचा. "आक्का, आता आमीच राजे. काल म्या पोहायच्या तलावाकडंच्या खुर्चीवर झोपलो. पयल्यांदा समुंदर बघितला. लई मोठा हाय." मी विचारलं, मग काम काय करता? तो म्हणाला, "रिकाम्या खोल्यांच्या चादरी बदलतो. कुणी झोपलेलं नसतंय, तरी धुतो. नियम हाय."

हे त्याचं शेवटचं बोलणं होतं. त्यानंतर तीन दिवसांनी ते पेटलेलं जहाज स्टाफरूममध्ये मोबाईलवर दिसलं.

शाळा सुटल्यावर मी एजन्सीला फोन लावला. पलीकडचा मुलगा सौजन्याने बोलला. म्हणाला, "मॅडम, वाचलेल्यांची लिस्ट यायची आहे. आली की कळवतो." दर तासाला मी लावत राहिले, दर तासाला तेच उत्तर. भावाचा नंबर लागत नव्हता. गुरुवारी सकाळी बातमी आली की जहाज पूर्ण बुडालं. मागोमाग माझ्या ईमेलवर कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की आपल्या कुटुंबीयाचा ठावठिकाणा अद्याप निश्चित झालेला नाही. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. कळलं होतं पहिल्याच वेळी.

आमचे हे म्हणाले, "दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तू जा. गडावर येणारा एखादा पोरगा मोबाईल दाखवील आणि म्हातारी जागेवर बसेल." त्यांना टेम्पो घेऊन कोल्हापूरला जायचं होतं, म्हणून मी एकटीच निघाले. भोरहून एसटीने नसरापूर, तिथून वेल्ह्याकडची जीप. जीपमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "म्हायेरला का? जत्रंला लवकर निघालीस." मी मान हलवली.

वस्तीवर पोचले तेव्हा माझे वडील, आबा, आमच्या खाचरात राब भाजत होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही शेण, पालापाचोळा, फांद्या अंथरून वर माती पसरतो आणि उन्हाळ्यात ते जाळतो. सगळ्या उतारावर धूर धरला होता. इतकी वर्षं तो धूर पाहत आले, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघवेना.

"आगं, आज कशी? शाळा न्हाई व्हय?" आबा म्हणाले.

"सुट्टी टाकली," मी म्हणाले. 

त्या संध्याकाळी मी सांगितलं नाही. आईने भाकरी केल्या, हुलग्याचं कढण केलं. ती रविवारच्या फोनबद्दल बोलत होती, कारण भाऊ दर रविवारी फोन करायचा. वस्तीवर कुणाच्याच घरात रेंज नाही. ती फक्त वरच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, हिरड्याच्या झाडाखाली मिळते. तिथे फांदीला आबांचा जुना बटणांचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला असतो. दिवसभर तो तिथे, संध्याकाळी आबा तो खाली आणतात. मी दर वेळी पायवाटेवर पाऊल वाजलं की उठून बाहेर यायची, कुणी सांगायला आलं की काय म्हणून. दोनदा शेजारची शेळी निघाली.

शुक्रवारी सकाळी आबा टेपाखाली राबाची राख सारखी करत होते. मी त्यांना पाणी घेऊन गेले. ठरवून गेले होते की आता सांगायचंच. तेवढ्यात वर फोन वाजला. आबा दाताळं टाकून चढावर गेले, पिशवीतून फोन काढला, लांब धरून बघितला आणि कापला.

"कोण होतं?" मी खालून ओरडले.

"त्योच चोर!" आबा खुशीत खाली आले. "कालपास्नं मागं लागलाय. लई चिवट हाय. पर म्या बी कापतोय. तू सांगितलं तसं, पुढं बेरीज असलेला नंबर दिसला की लाल बटण. धा बार झालं."

हे मीच शिकवलं होतं. आमच्या शाळेत सायबर फसवणुकीवर व्याख्यान झालं होतं, आणि त्याच आठवड्यात वस्तीवरच्या एका चुलत्यांचं खातं रिकामं झालं होतं. दिवाळीत मी आबांना समोर बसवून पाठ करून घेतलं होतं की अधिकचं चिन्ह असेल तर परदेशातला चोर समजायचा, एक शब्दही बोलायचा नाही, लगेच कापायचा. भाऊ नेहमी मोबाईलच्या ॲपवरून माझ्या फोनवर बोलायचा आणि रविवारी त्याच्या भारतातल्या कार्डावरून आबांना लावायचा. त्यामुळे असा नंबर आबांच्या फोनवर कधी आलाच नव्हता. आबांनी माझं एक अक्षरही इकडचं तिकडं केलं नाही. मुलगी शिकलेली आहे, ती सांगते ते बरोबरच असणार.

मी टेपावर धावले. फोनमध्ये एकच नंबर पुन्हा पुन्हा होता. पहिला फोन गुरुवारी सकाळचा, म्हणजे जहाज पेटल्यानंतरचा.  परत लावला तर रेकॉर्डवरची बाई बोलली की या क्रमांकावरून परदेशात फोन लावायची सुविधा उपलब्ध नाही. माझ्या फोनवरूनही तेच. मी हिरड्याच्या मुळावर बसले आणि मनाशी मांडणी करायला लागले. भावाचा मोबाईल बुडाला असेल. माझा नंबर त्याला पाठ नाही, तो नुसता माझ्या नावावर बोट ठेवायचा. पाठ आहे तो फक्त घरचा, कारण घरात पहिल्यांदा फोन आला तेव्हा त्याने तो नंबर कोळशाने दारामागे लिहिला होता. म्हणजे हा तोच. पण मग लगेच दुसरं मनात यायचं. फॉर्मवर घरचा नंबर मीच लिहिला होता. मग हा कंपनीचाही असेल. आणि कंपनी दहा-दहा वेळा कशासाठी फोन करते?

"आगं काय झालं?" आबा वर आले.

मी सगळं सांगितलं. जहाज, लढाई, धूर, पत्र, आणि शेवटी फोन. आबा उभेच होते. त्यांच्या हाताला राख लागलेली होती, तो हात त्यांनी धोतराला पुसला, परत पुसला.

"म्या कापला?" ते म्हणाले.

"आबा, तुमची चूक नाही. मीच..."

"धा बार?"

मी फोन त्यांच्या हातात परत दिला.

"आन् आता नाय वाजला तर?"

 मागून आईचा आवाज आला. ती ताकाची कासंडी घेऊन वर आली होती आणि तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. रडली नाही. म्हणाली, "मला काल दारातच कळलं हुतं. लेक म्हायेरला रिकाम्या हातानं येत न्हाई. पेढा न्हाई, चिवडा न्हाई, पिशवीच न्हाई. म्हनलं, इचारायचं न्हाई, सांगल तवा सांगल." आणि ती हिरड्याखाली जमिनीवर बसली.

त्या दिवशी फोन वाजला नाही. आम्ही तिघं ऊन डोक्यावर घेऊन बसलो. शेळ्या आपापल्या फिरत होत्या. माझा मोबाईल एजन्सीला लावून लावून बंद पडला, आणि चार्जर घाईत सासरीच राहिला होता. तिथला मुलगा अजून लिस्टचीच वाट बघत होता. आबांनी त्या रात्री फोन खाली नेला नाही. घोंगडं घेऊन ते टेपावरच झोपले, म्हणजे पडून राहिले.

शनिवारी सकाळी सातलाच आम्ही वर होतो. आठच्या सुमाराला फोन वाजला. चिन्ह नव्हतं, साधा दहा आकडी नंबर होता. आबांनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला. पलीकडून कुणीतरी हिंदीत बोलत होतं. बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होणार आहे, मागचे आकडे सांगा. मला बाहेर ऐकू येत होतं. हा खराच चोर होता. मी हात पुढे केला, पण आबांनी मला कोपराने मागे सारलं.

"सायेब," आबा म्हणाले, "कार्ड सांगतो, घरात हाय, म्हातारीला धाडतो आनायला. पर तेवढं माज्या पोराचं बगा. जहाजावर हुता. चादरी धुयाचा. जित्ता हाय का तेवढं सांगा. तुमी परत लावत हुता न्हवं, म्या कापला, माझी चूक झाली, सायेब."

 त्या माणसाला मराठी कळत होतं की नुसता आवाज समजला, ते माहीत नाही. तो "सॉरी, चाचा" एवढंच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आबा फोनकडे बघत राहिले. "सॉरी का म्हनला त्यो?" त्यांनी मला विचारलं. "सॉरी कवा म्हंत्यात?"

मी त्यांना समजावलं की तो कुणीतरी भामटा होता, त्याला काही माहीत नाही. पण आबांचा चेहरा उतरला तो उतरलाच. आईने ओठ आवळून पदर तोंडाला लावला. त्या अडीच-तीन तासांइतकी भीती मी आयुष्यात कधी अनुभवली नाही. फोन वाजावा असं वाटत होतं आणि वाजूही नये असं वाटत होतं. वाजेपर्यंत भाऊ निदान हरवलेला होता, गेलेला नव्हता.

अकराच्या पुढे केव्हातरी तो वाजला. पुढे अधिकचं चिन्ह, तोच नंबर.

फोन आबांच्या हातात होता आणि आबांचा अंगठा हलत नव्हता. एक रिंग, दोन रिंगा. "दाबा की!" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू कुठलं बटण तेच त्यांना आठवत नव्हतं. आईने पुढे होऊन हिरवं दाबलं.

"आबा, कापू नका. म्या हाय."

एवढं आम्ही तिघांनी ऐकलं. आई तिथेच खाली बसली. आबा नुसतं "हां, हां" म्हणत होते. मी फोन घेतला. भावाचा आवाज घोगरा होता, मधेच खोकला येत होता. तो दवाखान्यात होता. हाताला आणि पाठीला भाजलं होतं. स्फोट झाला तेव्हा तो वर होता, त्या प्रवाशांच्या खुर्च्यांकडे. खाली लाँड्रीत सात जण होते.

"त्यातलं कुणी...?"

"आक्का, ते नको आत्ता." मग म्हणाला, "माझी पाळी हुती खाली. शेजारच्या बाजेवरचा गोव्याचा म्हनला, तू जा, जरा वारं खा, तुज्या घड्या म्या घालतो."

 तो भरभर सांगत होता, कारण फोन तिथल्या एका सफाईवाल्या बाईचा होता. ती कामावर असली की गुपचूप द्यायची, काल सकाळीच तिची पाळी संपली होती.

"आबांना सांग, राग न्हाई," तो म्हणाला. "कापायचं ना, तवा बरं वाटायचं. म्हनायचो, घरी कुणीतरी हाय. हात चालतोय. पर रातच्याला बंद लागला की लई भ्या वाटायचं. हितली लोकं म्हनायची, लढाई तुमच्याकडं बी पोचली."

मी विचारलं, दवाखाना कुठला, गाव कुठलं. त्याच्याजवळ कागदपत्र काही नव्हतं, सगळं पाण्यात गेलं होतं. तिथले लोक त्याचं नाव भलतंच लिहून बसले होते, म्हणूनच कंपनीला तो सापडत नव्हता. "भिंतीवर बोर्ड हाय, इंग्रजीत. एकेक अक्षर सांगतो, लिव्ह. बाई फोन मागतीय."

लिहायला काहीच नव्हतं. मी शाळेतली बाई, आणि तीन दिवस माझ्याजवळ पेन नव्हतं. माझा मोबाईल बंद. मी इकडेतिकडे बघितलं आणि आबांना म्हणाले, "कोळसा!" आबा उतारावरून अक्षरशः घसरत राबात गेले आणि अर्धवट जळालेली फांदी घेऊन आले. हिरड्याजवळ एक सपाट खडक आहे, त्यावर मी गुडघ्यावर बसून भाऊ सांगेल ते अक्षर मोठं मोठं लिहीत गेले. दवाखान्याचं नाव, मग गावाचं, मग वॉर्डाचा आकडा. दोन अक्षरांवर तो अडखळला, मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. शेवटचा आकडा लिहिला आणि फोन बंद झाला.

ते सगळं पाठ करायचा मी प्रयत्न केला, पण डोकं चालत नव्हतं. परक्या भाषेतलं लांबलचक नाव होतं, एक अक्षर चुकलं तर त्याला कुठे शोधणार? घरी जाऊन वही-पेन आणायला दहा मिनिटं लागणार होती. तेवढ्यात खालच्या अंगाने धनगरांची मेंढरं टेपाकडे वळलेली दिसली, ती खडकावरून गेली की कोळशाची अक्षरं पुसली जाणार होती.

"पळ तू," आबा म्हणाले. "कागद आन."

मी पायवाटेने पळत सुटले. वळणावर एकदा मागे बघितलं. आई दगड मारून मेंढरं वळवत होती, धनगर तिला काहीतरी ओरडून विचारत होता, आणि आबा घोंगडं दोन्ही हातांनी पसरून खडकाच्या वाऱ्याच्या बाजूला उभे होते.